गुप्त बेरीज

कित्येक मुलांच्या हृदयास जन्मतःच छिद्र असतें. त्यावरील संशोधनास ठिकठिकाणची गणना लागते. पण नुसतें नांव गाळून भागत नाहीं. सातपुड्यांतील लहानशा पाड्यांत असें एकच मूल असलें, तर पाड्याच्या नांवावरूनच तें ओळखूं येतें.

समजा, नवापूर, शहादें व तळोदें येथील रुग्णालयांत अशीं अनुक्रमें ४, ७ व १ मुलें आहेत. नवापूरनें ४ मध्यें ५०० ही गुप्त संख्या मिळवून ५०४ हा आंकडा शहाद्यास कळवावा. शहाद्याहून तळोद्यास ५११ व तेथून परत नवापुरास ५१२ जाईल. नवापूरनें ५०० वजा केले कीं बेरीज १२! कोणाचीहि नोंदवही जागची हालली नाहीं. अनेक रुग्णालयांचे संगणक आज याच धर्तीचें गणित करूं शकतात. मात्र नवापूर व शहादें यांनीं आपसांत आंकडे ताडून पाहिले, तर तळोद्याचें तें एकटें मूल उघडें पडतें.