पोटदुखीचे निमित्त : किशोरवयीन विद्यार्थ्याचे मानसिक स्वास्थ्य व शिक्षक

प्रास्ताविक

इयत्ता सहावी ते आठवी या वर्गांतील मुले साधारणतः ११ ते १४ वर्षांची असतात. शाळेस प्राथमिक म्हटले जात असले, तरी तिच्या या वरच्या वर्गांत बालपण ओसरून किशोरावस्था सुरू झालेली असते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा वयोगट किशोरावस्थेचा मानते, आणि या वयातील दर सात मुलांमागे एकास मानसिक विकाराचा त्रास असतो असे सांगते. भारतात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. चाळीस मुलांच्या वर्गास हा आकडा लावला, तर सुमारे तीन मुले होतात.

ही तीन मुले कोणती, हे ओळखणे सोपे नाही. दंगा करणाऱ्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप जाते. जो मुलगा मुकाट बसतो, कोणास त्रास देत नाही, तो मात्र ‘शांत व गुणी’ म्हणून नजरेआड होतो. किशोरवयीनांच्या मनोव्यथेचा मोठा भाग या मुकाटपणात दडलेला असतो.

एक उदाहरण

वैनगंगेकाठच्या एखाद्या गावातील सातवीचा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत वर्गाची उपस्थिती घटते, त्यात तोही गैरहजर असतो. रोवणी आटोपते, बाकीची मुले परत येतात. तो येत नाही. आला तर परिपाठ संपताच पोट धरून बसतो व घरी जाण्याची परवानगी मागतो. रविवारी मात्र त्याचे पोट दुखत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. शारीरिक दोष आढळत नाही. मग घरचे, वर्गमित्र व कधी शिक्षकही एकच निष्कर्ष काढतात : मुलगा ढोंग करतो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. भीतीच्या वेळी शरीर संकटास तोंड देण्याची तयारी करते. छाती धडधडते, स्नायू ताठरतात, पचनाची क्रिया बिघडते. म्हणून चिंताग्रस्त मुलाचे पोट खरोखरच दुखते. वेदना खरी असते. तिचे कारण तेवढे पोटात नसते. अशा मुलास ढोंगी म्हटले की त्याच्या दुःखात अपमानाची भर पडते, आणि तो बोलणे आणखी कमी करतो.

मानसोपचारतज्ज्ञाचे कार्य

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यक शिकलेले डॉक्टर असून आवश्यक तेथे औषध देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व प्रशिक्षित समुपदेशक मुख्यतः संवादाच्या मार्गाने उपचार करतात. सर्वच मुलांना औषध लागत नाही.

वरील मुलगा अशा तज्ज्ञाकडे गेला, तर ते प्रथम उपदेश करीत नाहीत. ते ऐकतात. त्याने सांगितलेली गोष्ट गुप्त राहील. मात्र त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका असल्यास ती वडील मंडळींना सांगावी लागेल, हे ते आरंभीच स्पष्ट करतात. पालकांशी वेगळे बोलतात. दोन-तीन भेटींनंतर हकीकत उलगडते. गेल्या वर्षी फळ्यावर गणित चुकले व वर्ग हसला. याच सुमारास वडील बांधकामाच्या मजुरीसाठी नागपुरास गेले आणि जाताना म्हणाले, “आता घरात शिकणारा तूच.” मुलाच्या मनात दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या : ‘पुन्हा चुकलो तर सर्व संपले.’

येथे विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा उपयोग होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली व महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती रुजवली. तिचे सूत्र सोपे आहे. घटना व भावना यांच्यामध्ये विचार असतो. गणित चुकले, ही घटना. ‘मी चुकताच कामा नये; चुकलो म्हणजे मी कुचकामी,’ हा विचार. पोटात गोळा आणणारी भीती हे त्या विचाराचे फळ. तज्ज्ञ हा विचार मुलाकडूनच तपासून घेतात : वर्गात आणखी कोणी चुकले होते काय? ते सर्व कुचकामी ठरले काय? हळूहळू मुलगा म्हणू लागतो, ‘चुकणे मला आवडत नाही, पण चुकलो तरी मी शिकू शकतो.’

विचार बदलण्याबरोबर कृतीही लागते. भीतीच्या जागेपासून दूर राहिल्याने तात्पुरता आराम मिळतो, परंतु भीती वाढते. म्हणून शाळेत परतणे पायरीपायरीने ठरवले जाते : पहिले काही दिवस परिपाठ व एक तास, नंतर मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस, फळ्यावर जाणे सर्वांत शेवटी. ही योजना शिक्षकाच्या सहकार्यावाचून पार पडत नाही.

ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेचा उल्लेख येथे उचित होईल. मानसिक आरोग्य हा केवळ रुग्णालयातील विषय नसून घर, शाळा व समाज यांचाही आहे, या भूमिकेने तेथे काम झाले. खेड्यातील शिक्षकाने हीच भूमिका घ्यावयाची आहे.

शिक्षकाने काय करावे

शिक्षकाने उपचारक होऊ नये. ते त्याचे काम नव्हे व तसे शिक्षणही त्याने घेतलेले नसते. पाहणे, ऐकणे व योग्य ठिकाणी पोहोचवणे, ही त्याची तीन कामे होत.

१. पाहणे. झोप, भूक, अभ्यास, मैत्री व खेळ यांत झालेला बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याची नोंद घ्यावी. पूर्वी मंडईतील दंडार पाहण्यास सर्वांच्या पुढे धावणारी मुलगी यंदा घराबाहेर पडत नसेल, तर तो बदल लहान समजू नये.

२. ऐकणे. मुलाशी एकांतात पण सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी बोलावे. “तुला काय झाले?” असे दरडावण्यापेक्षा “हल्ली तू गप्प दिसतोस, बाळा; सांगावेसे वाटले तर मी ऐकेन,” असे म्हणावे. लगेच उत्तर न मिळाल्यास थांबावे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. वर्गासमोर केलेली थट्टा याच सदरात पडू शकते.

३. पोहोचवणे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्यातील किशोरवयीनांची सल्ला केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाचा सल्ला घेता येतो. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळच आहे. दूर जाणे शक्य नसल्यास २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. बालकांच्या संकटासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

घरची मंडळी ‘बाहेरचे लागले’ म्हणून मुलास देवऋष्याकडे नेऊ इच्छितात, तेव्हा वाद घालून दार बंद करू नये. त्यांच्या काळजीचा मान राखून “डॉक्टरांनाही दाखवूया,” असे म्हणावे व शक्य तर सोबत जावे. ‘वेडा’ हा शब्द शाळेत कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नये.

जिवाचा धोका

मुलाने मरणाची भाषा केली, तर ती पोरकटपणा समजू नये. “जीव द्यावा असे मनात येते का?” असे सरळ विचारल्याने तो विचार नव्याने रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. अशा वेळी गुप्ततेचे वचन देऊ नये, मुलास एकटे सोडू नये, पालकांना बोलावून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शेतकऱ्याच्या घरी धानावर फवारण्याचे औषध खुंटीवर वा कोनाड्यात असते. ते कुलुपात ठेवण्यास पालकांना आवर्जून सांगावे. अनेकदा ती घडी निघून जाते आणि विष हाताशी नसल्यामुळे जीव वाचतो.

समारोप

सातवीतील तो मुलगा फळ्यावर पुन्हा चुकेल. त्या वेळी वर्ग हसतो की शिक्षक खडू हाती घेऊन “चल, येथून पुढे दोघे मिळून करू,” असे म्हणतात, यावर त्याच्या उपचाराचे यशापयश बरेचसे अवलंबून राहील.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील सर्वांत कमी बोलणाऱ्या तीन विद्यार्थ्यांविषयी शिक्षकास कोणती माहिती आहे?

२. वारंवार पोटदुखीची वा डोकेदुखीची तक्रार करणाऱ्या मुलाच्या तक्रारीचे वार व तास महिनाभर नोंदवल्यास त्यातून काय दिसते?

३. शाळेत परतणाऱ्या मुलासाठी पहिल्या आठवड्याची पायरीपायरीची योजना तयार करा.