घाटाच्या गाडीला पंखा कोणता : डायरेक्ट की क्लचचा?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघालं की साधारण ४० किलोमीटरांत गाडी बाराशे मीटरांहून जास्त उंची चढते. अवघड वळणांवर गाडी दुसऱ्या गियरातच असते. वेग कमी, इंजिनावर भार पुरा आणि समोरून वारा जवळजवळ नाही. अशा वेळी रेडिएटर थंड ठेवण्याचं काम एकट्या पंख्यावर येतं. म्हणूनच गाडी तापू लागली की जीप, पिकअप आणि टेम्पोवाले गॅरेजात पहिला प्रश्न विचारतात तो हा : क्लच काढून पंखा डायरेक्ट करून टाकू का?

डायरेक्ट पंखा पुलीला थेट बोल्टने बसवलेला असतो. इंजिन फिरेल तेवढा वेळ तो फिरतोच. क्लचच्या पंख्यात मधे सिलिकॉन तेल भरलेली डबी असते. तिच्या तोंडावरची दोन धातूंची पट्टी रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेने वाकते, आतली झडप उघडते, तेल पसरतं आणि पंखा जोर धरतो. हवा थंड झाली की तो पुन्हा सैल पडतो.

पट्ट्यावर चालणाऱ्या बऱ्याच यंत्रांपुढे हाच पेच असतो. एसीच्या कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच असतो. मर्सिडीजच्या ई ५५ एएमजी या ताकदवान गाडीच्या ५.४ लिटर व्ही-८ इंजिनावरच्या सुपरचार्जरलाही तसाच क्लच दिला होता, म्हणजे गरज नसताना इंजिनावर त्याचं ओझं नको. हवेचा दाब वाढवण्यासाठी लहान पुली लावणारे काही हौशी मात्र क्लच घसरू नये म्हणून कायमची पुली बसवतात आणि ते ओझं सतत सोसतात. आपल्या पंख्याचा हिशोबही असाच मांडायचा आहे. माझं मत स्पष्ट आहे : चांगल्या स्थितीतला क्लच घाटात कमी पडत नाही. बिघाड शोधल्याशिवाय तो काढू नये.

लागणारं साहित्य

पाने, टॉर्च, जाड हातमोजे, पाण्याचा पाइप, पुठ्ठ्याचा तुकडा आणि योग्य प्रमाणात मिसळलेलं कूलंट. ही कृती इंजिनाच्या पट्ट्यावर पंखा फिरणाऱ्या गाड्यांसाठी आहे. विजेच्या पंख्याच्या गाडीला ती लागू नाही.

१. गाडीचा खरा रस्ता लिहून काढा

आठवड्यात घाट किती, सपाट हायवे किती, माल किती, हे कागदावर मांडा. मुंबई-गोवा हायवे रुंद झाल्यापासून आणि कशेडीच्या बोगद्याने जुना घाट टळू लागल्यापासून खेडकडे जाणाऱ्या गाड्यांचा बराच वेळ सपाटीवर जातो. हायवेच्या वेगात समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो, तिथे पंखा नुसती ताकद खातो. आणि ती थोडी खात नाही : फेरे दुप्पट झाले की पंख्याला लागणारी ताकद आठपट होते. उलट रोज आंबेनळी किंवा वरंधा घाट चढणाऱ्या, माल भरलेल्या गाडीला पंखा बहुतेक वेळ लागतोच.

२. पंख्याला दोष देण्याआधी बाकीचं पाहा

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा. कूलंट काठोकाठ आहे का, गंज दिसतो का, झाकणाचं रबर चिरलंय का, ते बघा. झाकण दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं. मग टॉर्च मागून मारा. आपल्याकडच्या लाल मातीचा चिखल आणि गवताची कुसळं रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसतात, आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत अडकलेली घाण समोरून दिसतच नाही. पाण्याचा हलका झोत पंख्याच्या बाजूने पुढे मारा. फार दाबाने मारलं तर जाळीच्या पात्या दुमडतात. पंख्याभोवतीचं कडं, म्हणजे श्राउड, फुटलेलं नाही ना तेही पाहा. ते नसेल तर पंखा तीच ती गरम हवा घुसळत राहतो. पट्टा सैल किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असेल तर आधी ते दुरुस्त करा.

३. थंड इंजिनावर हात लावून पाहा

किल्ली काढून खिशात ठेवा. पंखा हाताने फिरवा. किंचित विरोध करत फिरून थांबला तर ठीक. सुटल्यासारखा गरागरा फिरत राहिला तर आतलं तेल गेलंय. हलतच नसेल तर क्लच जॅम आहे. आता पातं पुढे-मागे हलवा. खडखड लागली तर बेअरिंग गेलंय, ते क्लचचं की वॉटर पंपाचं हे वेगळं करून तपासा. डबीच्या कडेला धूळ चिकटलेले तेलकट ओघळ दिसले तर तेल गळतंय.

४. गरम करून ऐका

गाडी मोकळ्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. रेडिएटरपुढे पुठ्ठा धरून अर्धा भाग झाका, इंजिन मध्यम फेऱ्यांवर चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावरची नजर हलवू नका. थोड्या वेळाने पंख्याचा आवाज बदलून घोंघावू लागला पाहिजे आणि काटा थांबला किंवा खाली आला पाहिजे. काटा लालकडे सरकला आणि आवाज बदललाच नाही, तर पुठ्ठा काढा, इंजिन बंद करा. क्लच काम करत नाही. पंखा जोरात असताना इंजिन बंद करून, तो पूर्ण थांबल्यावर, हातमोजे घालून फिरवा. थंड असतानापेक्षा तो जड लागायला हवा. फिरता पंखा काठीने किंवा कागदाच्या सुरळीने थांबवून बघणारे भेटतात. ते कधीही करू नका.

५. तोल करा

*डायरेक्ट पंखा घ्या*, जर गाडी जुनी, मंद फेऱ्यांची, रोज घाटात माल ओढणारी असेल आणि तिच्या कंपनीचाच डायरेक्ट पंखा व त्याला झेपणारा वॉटर पंप मिळत असेल. त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. बदल्यात डिझेल जास्त, आवाज जास्त, पट्ट्यावर आणि पंपाच्या बेअरिंगवर ताण जास्त.

*क्लचचाच ठेवा*, जर गाडी घाट आणि हायवे दोन्ही करत असेल. उतरताना खालच्या गियरात इंजिनाचे फेरे चढतात तेव्हा क्लच घसरून पात्यांना सांभाळतो. डायरेक्ट पंखा तेवढ्याच वेगाने फिरतो. पात्यांच्या मर्यादेपलीकडे गेला तर पातं तुटून रेडिएटरमध्ये घुसतं. गरम झालेला क्लचही पूर्ण जखडत नाही, थोडा घसरतोच, हे खरं. पण कंपनीने रेडिएटर तो फरक धरूनच दिलेला असतो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागाची. सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी रस्त्यावर येतं तेव्हा डायरेक्ट पंख्याची पाती पाण्याच्या विरोधाने पुढे वाकून रेडिएटर फाडतात. साचलेल्या पाण्यात गाडी घालूच नका. जुलै २०२१ च्या पुरासारख्या पुरात गाडी बुडाली असेल, तर सुरू करण्याआधी पंखा, क्लच आणि पट्टा यांतला चिखल काढून तिसरी पायरी पुन्हा करा.

६. बसवताना

जुना क्लच वेल्डिंग मारून जॅम करू नका. तोल बिघडतो, उष्णतेने सील जळतं आणि थरथर थेट पंपाच्या बेअरिंगला जाते. नवा क्लच खोक्यात होता तसाच उभा ठेवा, नाहीतर तेल आत नको तिथे उतरतं. मधला मोठा नट बऱ्याच गाड्यांत उलट आट्यांचा असतो. दिशा पाहूनच जोर लावा. पात्यांची पुढची बाजू तपासा, कारण उलटा बसलेला पंखाही फिरताना ठीकच दिसतो. शेवटी हाताने पूर्ण फेरा देऊन कड्याला किंवा पाइपला काही घासत नाही याची खात्री करा.

७. घाटात चाचणी

रोजचा माल भरा, पोलादपूरला कूलंटची पातळी पाहा आणि एसी बंद ठेवून चढायला लागा. पंखा घोंघावला, काटा मध्यावर टिकला, वर वेग मिळताच आवाज उतरला, तर काम झालं. पुढच्या फेरीला एसी लावून तेच पाहा. क्लच निरोगी असूनही काटा चढत असेल तर रेडिएटर आतून तुंबलेला किंवा हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. तिथे कोणताही पंखा उपयोगाचा नाही, गाडी मेकॅनिककडे न्या.

चढणीत काटा लालकडे गेलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि वळण संपून रुंद जागा मिळाली की बाजूला थांबा. वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद करा. नसेल तर मिनिटभर संथ चालू ठेवून मग बंद करा. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. धुक्यात आणि पावसात आंबेनळीच्या वळणावर बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्याच्याही जिवावर बेतू शकते. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी दर वर्षी करा.