सांडपाण्याच्या पाइपाशी एक नोकरी असते

बेळगावच्या वडगावात वीज गेली की माग थांबतात, गल्ली गप्प होते आणि माणसं बोलायला लागतात. अशाच एका दुपारी एका विणकर बापाने विचारलं, "पोरगी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली. बीएड करू दे का बँकेच्या परीक्षेला बसवू?" मी म्हटलं, तिला पर्यावरण अनुपालनाचं काम बघू दे. "म्हणजे झाडं लावायची?" नाही हो. झाडांशी याचा संबंध फार थोडा; कारखान्याकडून प्रदूषणाचे नियम पाळून घ्यायचं हे काम.

आपली उद्यमबाग औद्योगिक वसाहत घ्या. तिथल्या फाउंड्रीला १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा लागू आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते आणि तिला अटींचं शेपूट असतं. भट्टीचा धूर, साच्याची वापरलेली वाळू, जुनं तेल, सगळ्याचा हिशेब. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत. तारीख चुकली की मालकाची झोप उडते. ती उडू नये म्हणून पगार देऊन माणूस ठेवतात.

प्रयोगशाळेतलं काम आणखी चिकाटीचं. रंगाईच्या किंवा साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना बाटलीत भरायचा, चिठ्ठीवर वेळ लिहायची, २७ अंशांवर ३ दिवस ठेवायचा, मग बीओडीचा, म्हणजे जिवाणू घाण कुजवताना किती प्राणवायू खातात त्याचा, आकडा काढायचा. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. आकडा ३४ आला तर ३४च लिहायचा. या नोकरीतली खरी परीक्षा हीच, आणि ती कुठल्या विद्यापीठात होत नाही.

नियम लांबून येतात, हे विणकरांच्या घरात सांगायला नको. काही अ‍ॅझो कापडरंगांवर जर्मनीने नव्वदच्या दशकात बंदी घातली, पाठोपाठ भारतानेही. आता युरोपला लोखंड-पोलाद पाठवणाऱ्यांना ते बनवताना किती कार्बन सुटला हे सांगावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही माहिती देणं सुरू झालं. बाजार नियामक सेबीनेही २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला. अशा कंपन्या मग सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखानदारालाही वीज-पाण्याचे आकडे मागतात. त्याच्याकडे ते काढणारं कुणी नसतं.

शिक्षण? बीएस्सीनंतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करता येते. सिव्हिल किंवा केमिकल इंजिनिअरलाही दार उघडं आहे. 'सस्टेनेबिलिटी'च्या महागड्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर मात्र कर्ज काढू नका. त्यापेक्षा एक्सेल पक्कं करा.

आणि कानडी शिका. राग येईल, पण कर्नाटकात मंडळाच्या दारात किंवा कामगारांच्या घोळक्यात तिच्यावाचून अडतं. नोकरी महाराष्ट्रात हवी असेल, तर तिथल्या सरकारी भरतीत महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ सीमागावांतल्या मराठी उमेदवारांना रहिवासाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. तो दाखला आधीच काढून ठेवा.

सुरुवातीचा पगार बेताचाच, आयटीशी तुलना करू नका. प्रवेश घेण्याआधी ओळखीच्या एखाद्या कारखान्यात जाऊन संमतिपत्र वाचायला मागा. दुसऱ्या पानावर जांभई आली, तर बँकेचा फॉर्म भरलेला बरा.