फ्यूज का उडतो?

मुरबाडकडचे एक मामा. रोज पहाटे मोटरसायकलवरून कल्याणला दूध घालायला जातात. गाडीच्या मागं लोखंडी कॅरिअर आहे. त्याला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. वाटेत गाडी बंद पडली की दूध नासलं. दिवसाची कमाई गेली.

एका पावसाळ्यात गाडीचा फ्यूज उडू लागला. फ्यूज म्हणजे काय? एक बारीक पट्टी. बॅटरीची वीज तिच्यातून पुढं जाते. विजेचा लोंढा फार वाढला, तर ही पट्टी आधी वितळते. वीज थांबते आणि पुढच्या तारा वाचतात. मोटरसायकलला बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तो स्वतः जळतो, गाडीला जळू देत नाही.

मामांनी तीन दिवसांत चार फ्यूज घातले. चौथा उल्हास नदीवरच्या रायत्याच्या पुलाजवळ उडाला. अंधार, पाऊस, मागून ट्रक येतोय. पाचवा फ्यूज जवळ नव्हता. मामांनी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. गाडी चालू झाली. पुढं उतारावर त्यांनी ब्रेक दाबून धरला, तसा सीटखालून जळका वास आला. गाडी थांबवून त्यांनी ती तार ओढून काढली. बोटं भाजली. पुढ्यात पेट्रोलची टाकी होती. बरं, तेवढ्यावर निभावलं.

मामांची भाची आय.टी.आय.मध्ये वायरमनचं काम शिकते. ती रविवारी आली. तिनं गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं,

“मामा, फ्यूज नेमका कधी उडतो?”

“जाताना उडतो बघ. येताना नाही.”

“म्हणजे कॅन भरलेले असताना. आणि तुम्ही काय करत असता तेव्हा?”

मामांनी आठवून पाहिलं. “अगं, ब्रेक मारला की उडतो. खड्ड्यात गाडी आदळली की हमखास.”

“मग अर्धं काम झालं,” भाची म्हणाली.

आता शॉर्ट होतं म्हणजे काय होतं, ते पाहू. बॅटरीतून वीज तारेनं दिव्याकडं जाते. दिवा पेटवते. मग गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडं परत येते. या सांगाड्याला मिस्त्री ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तारेवरचं प्लॅस्टिक घासून गेलं आणि आतलं तांबं सांगाड्याला टेकलं, तर वीज दिव्यापर्यंत जातच नाही. पाटाचा बांध फुटला की पाणी वाफ्यात जात नाही, वाटेतच ओढ्याला धावतं. तसंच हे.

भाचीनं पिशवीतून मल्टिमीटर काढला. हा विजेचे दाब, प्रवाह आणि अडथळा मोजतो. पूर्वी या तिन्हींसाठी वेगवेगळी यंत्रं बाळगावी लागत. इंग्लंडमधल्या टपाल खात्याचे इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांना तो व्याप नको झाला. त्यांनी तिन्ही एकत्र केली. ते यंत्र १९२३ साली बाजारात आलं. आता आकडे दाखवणारा साधा मीटर तीन-चारशे रुपयांतही मिळतो.

मीटरला दोन तारा असतात. काळी ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात घालायची. लाल, घोड्याच्या नालासारखी ओमची खूण असते त्या भोकात. ‘अँपिअर’च्या भोकात लाल तार घालून बॅटरीला कधीही लावू नका. मीटर जळेल, हातही भाजेल.

भाचीनं चावी बंद केली. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. ओम मोजताना गाडीत वीज असता कामा नये. मग मीटरचं बटण भोंग्याच्या खुणेवर फिरवलं. लाल आणि काळी टोकं एकमेकांना टेकवली. पीं असा आवाज आला. म्हणजे वाट सलग आहे. टोकं दूर केली, आवाज बंद.

तिनं मागचा दिवा उघडून बल्ब काढला. हे विसरू नका. बल्ब जागेवर असला, तर त्याच्या तारेतूनही मीटर वाजतो आणि माणूस फसतो. मग सीटखालचा कपलर सोडवला. मागच्या दिव्याकडं जाणाऱ्या ब्रेकच्या तारेला लाल टोक लावलं. काळं टोक सांगाड्याच्या घासून साफ केलेल्या बोल्टला. गंजावर किंवा रंगावर लावून उपयोग नाही.

मीटर गप्प.

“बघ, काही नाही,” मामा म्हणाले.

“मामा, कॅरिअरवर बसा.”

मामा बसले. पीं! उठले, आवाज बंद. पुन्हा बसले, पुन्हा पीं!

कॅरिअरचा एक बोल्ट मडगार्डच्या आत लांब आला होता. वजन पडलं की तो खाली दबून तारेवर टेके. तारेवरचं प्लॅस्टिक तिथं कापलं गेलं होतं. रिकाम्या गाडीत फट राहत होती, म्हणून येताना फ्यूज टिकत होता.

तांब्याच्या तारेनं तेवढा भाग वितळवला होता. तो कापून भाचीनं नवा तुकडा जोडला. सांध्यांना डाख दिला, वर स्लीव्ह चढवली. लांब बोल्ट बदलून आखूड घातला. तार बाजूनं नेऊन बांधली.

तार घासण्याच्या जागा आणखीही असतात. हँडलच्या मुंडीजवळ फार. तिथं मीटर लावून हँडल पूर्ण डावीकडं आणि उजवीकडं फिरवावं. टाकीखालीही पाहावं. उंदरांनाही वायरिंगचं प्लॅस्टिक आवडतं! पुराच्या पाण्यात गाडी उभी राहिली, तर कपलर उघडून पुसावेत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तशा पुरात कपलरच्या आत पाणी शिरतं. मागाहून तिथं हिरवा गंज धरतो.

भाचीनं पुन्हा मीटर लावून पाहिला. मामा कॅरिअरवर बसले, मीटर गप्पच. मग कपलर जोडला, बल्ब बसवला, बॅटरी जोडली. फ्यूज घातला तो पहिल्याच मापाचा, १० अँपिअरचा. मामांनी दहा वेळा ब्रेक दाबला. मागचा दिवा दहा वेळा लागला.

सोमवारी मामा भरलेले कॅन घेऊन गेले. येताना कल्याणहून चार फ्यूज आणि एक मीटर घेऊन आले. तांब्याची ती तार त्यांनी कुंपणाला बांधून टाकली.