जलप्रवासाची पूर्वतयारी : केबिनची निवड आणि बंदरांची भेट

कोकणातील जुन्या पिढीला बोटीचा प्रवास नवा नव्हता. भाऊच्या धक्क्यावर वळकटी टाकून जागा धरायची, रात्र डेकवर काढायची आणि बंदर आले की पडावात उतरून किनारा गाठायचा, हा अनेक कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. त्या प्रवासात गरज होती, हौस क्वचितच. आता काळ पालटला आहे. पावसाळा संपून समुद्र शांत झाला की मुंबईच्या धक्क्यावरून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा ठिकाणी पर्यटकांना घेऊन मोठी जहाजे निघतात. सेवानिवृत्त शिक्षक, कर्मचारी आणि गावोगावची वडीलधारी मंडळी गटागटाने या सफरींना जाऊ लागली आहेत.

या प्रवाशांपैकी पुष्कळांचा एक समज असतो की जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे हॉटेल. पैसे भरले की आपले काम संपले. हा समज अपुरा आहे. हॉटेल हलत नाही आणि पाहुणा उशिरा परतला म्हणून त्याला मागे टाकून निघून जात नाही. जहाज या दोन्ही गोष्टी करते. यास्तव जलप्रवासाचे सुख व सुरक्षितता मुख्यतः दोन प्रश्नांवर अवलंबून असते : जहाजावर आपण कोठे निजणार, आणि बंदरातून आपण केव्हा परतणार. या दोन प्रश्नांचा विचार तिकीट काढण्यापूर्वीच करावयास हवा.

केबिनचे प्रकार

जहाजावरील खोल्यांचे सामान्यतः चार प्रकार असतात. पहिली आतली केबिन. हिला खिडकी नसते व भाडे सर्वांत कमी असते. दुसरी खिडकीची; हिची काच बहुधा उघडत नाही, पण उजेड मिळतो व समुद्र दिसतो. तिसरी सज्जाची आणि चौथी प्रशस्त अशी दालनवजा. स्वाभाविकपणे भाडे याच क्रमाने वाढत जाते.

जो प्रवासी दिवसभर डेकवर व सभागृहात राहणार आणि केवळ झोपण्यासाठी खोलीत येणार, त्याला आतली केबिन पुरेशी होते. मात्र तेथे दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. रात्री उठावे लागणाऱ्या वृद्धांनी उशाशी लहान विजेरी ठेवावी. कोंदट जागेत ज्यांचा जीव घाबरा होतो, त्यांनी थोडे अधिक पैसे मोजून खिडकीची केबिन घेणे हिताचे. खिडकीची केबिन घेतानाही एक गोष्ट विचारून घ्यावी. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक नौका टांगलेल्या असतात व दृष्टी अडते. अशा केबिनचे भाडे काहीसे कमी असते. पण ते कारण प्रवाशाला आधी माहीत असावे.

स्थान महत्त्वाचे

केबिनच्या प्रकारापेक्षाही तिचे जहाजातील स्थान अधिक महत्त्वाचे असते. मधोमध टेकू दिलेल्या फळीवर दोन मुले दोन टोकांना बसून खेळतात, तेव्हा टोकावरचे मूल खूप वरखाली होते, टेकूजवळचा भाग मात्र जवळजवळ स्थिर राहतो. जहाजाचेही तसेच आहे. लाटांवर त्याची नाळ व मागची बाजू आळीपाळीने उचलली जाते. मध्यभाग सर्वांत कमी हलतो. त्याचप्रमाणे जहाज डाव्या-उजव्या कुशीवर कलते, तेव्हा वरच्या मजल्यांवर झोका मोठा बसतो, खालच्या मजल्यांवर लहान. मोठ्या जहाजांना हा झोका कमी करण्यासाठी पाण्याखाली पंखासारखे फलक बसविलेले असतात; तरीही तो पूर्णपणे नाहीसा होत नाही.

यावरून निघणारा नियम सोपा आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातील व खालच्या मजल्यावरील केबिन मागावी. सर्वांत वरच्या मजल्यावरची, सज्जाची, अगदी टोकाची केबिन महाग असते. पण खवळलेल्या समुद्रात ती सर्वांत त्रासदायक ठरण्याचा संभव असतो. जास्त पैसे दिले म्हणजे जास्त आराम मिळतो, हा जमिनीवरचा हिशेब येथे नेहमीच लागू पडत नाही.

जागा निश्चित करण्यापूर्वी जहाजाचा मजलेवार नकाशा पाहावा. आपल्या केबिनच्या वर व खाली काय आहे, हे त्यावरून कळते. डोक्यावर नाचगाण्याचे सभागृह, पोहण्याचा तलाव किंवा भोजनगृह असेल, तर पहाटे खुर्च्या सरकविण्याचे व रात्री वाद्यांचे आवाज येतात. अगदी पुढे नांगराच्या साखळीचा खडखडाट, तर मागे खाली यंत्रांची घरघर ऐकू येते. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा सर्वांत शांत असते. गुडघे दुखणाऱ्यांना ती लिफ्टपासून फार दूर नसलेली बरी.

गटाने जाणाऱ्यांनी एका केबिनमध्ये तीन-चार जणांची सोय आहे असे ऐकताच तयार होऊ नये. त्यांतील एक-दोन बिछाने भिंतीतून उघडणारे, वरचे असतात व तेथे शिडीने चढावे लागते. तो बिछाना कोणाच्या वाट्याला येणार, हे आधी ठरवावे. न्हाणीघराच्या दाराला बहुधा उंच उंबरा असतो. वृद्धांना त्याची पहिल्याच दिवशी जाणीव करून द्यावी. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दारांच्या केबिन मोजक्याच असतात. त्या फार आधी राखून ठेवाव्या लागतात.

भाडे व सामान

जाहिरातीतील भाडे बहुधा दोघांनी एक केबिन घेतल्यास दरडोई किती, असे दिलेले असते. एकट्या प्रवाशाला त्यापेक्षा बरेच अधिक, कधी जवळजवळ दुप्पटही द्यावे लागते. शिवाय कर, बंदर शुल्क, सेवा शुल्क, पेये व किनाऱ्यावरील सहली यांचा खर्च वेगळा असू शकतो. सर्व धरून एकूण रक्कम किती, हे लेखी घेतल्यावाचून पैसे भरू नयेत. जहाजावर रोख व्यवहार न होता केबिनच्या कार्डावर खर्च नोंदला जातो. हातातून पैसे जात नसल्याने खर्चाची जाणीव राहत नाही. म्हणून रोज संध्याकाळी हिशेब पाहण्याची सवय ठेवावी. किनारा दूर गेल्यावर मोबाइल उपग्रहाच्या जाळ्याला जोडला जाऊन मोठे देयक येऊ शकते. याकरिता तो विमान प्रवासाप्रमाणे संपर्कविरहित करून ठेवावा.

धक्क्यावर ताब्यात दिलेले सामान केबिनपर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. रोजची औषधे, चष्मा, ओळखपत्र व एक जोडी कपडे हातपिशवीतच असावेत. इस्त्री, पाणी तापविण्याची विजेची कांडी यांसारख्या वस्तू आगीच्या भीतीमुळे जहाजावर चालत नाहीत. बोट लागू नये म्हणून घ्यावयाचे औषध मळमळ सुरू होण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारून घ्यावे. जेवण हलके ठेवावे, आणि त्रास वाटू लागताच उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. पोटाच्या काही संसर्गजन्य रोगांवर हाताला चोळावयाच्या द्रवांपेक्षा साबण व पाणी अधिक परिणामकारक ठरते.

पहिले कर्तव्य : कवायत

केबिनमध्ये पाऊल टाकताच दाराच्या आतील बाजूस लावलेला नकाशा वाचावा. संकटसमयी कोणत्या ठिकाणी जमावयाचे, जीवरक्षक जाकीट कोठे आहे, हे त्यात दिलेले असते. भोंग्याचे सात आखूड व एक लांब आवाज, हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा होय. लहान मुले बरोबर असतील तर त्यांच्या मापाचे जाकीट मागून घ्यावे.

जहाज निघण्याच्या सुमारास होणाऱ्या कवायतीला पुष्कळ प्रवासी कंटाळतात. त्यांनी एक घटना ध्यानात ठेवावी. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीतील जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले. त्यावर चार हजारांहून अधिक माणसे होती. ३२ जण प्राणास मुकले. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती, कारण त्या वेळच्या नियमानुसार ती २४ तासांच्या आत घेतली म्हणजे पुरे होते. या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलण्यात आला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. आपल्याकडेही १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसांचा अंत झाला. समुद्राशी गाठ आहे, एवढे भान ठेवण्यास या दोन घटना पुरेशा आहेत.

बंदरातील वेळेचा हिशेब

जहाज बंदरात आठ तास थांबणार असे वाचून प्रवासी आठ तासांचा बेत आखतात. प्रत्यक्षात इतका वेळ हाती येत नाही. समजा, जहाज सकाळी आठ वाजता मुरगावला लागले व सायंकाळी पाच वाजता सुटणार आहे. तपासणी होऊन बाहेर पडण्यास तासभर जातो. जहाजावर परतण्याची अंतिम वेळ सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी असते. त्याआधी एक तास प्रवाशाने स्वतःच्या हाती राखावा. म्हणजे नऊ तासांतले साडेसहा तासच उरले. मुरगाव ते जुने गोवे हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात दोन तास धरावेत. उरलेल्या वेळात जुन्या गोव्यातील चर्च आणि मंगेशीचे देवालय पाहून स्वस्थपणे परतता येते. त्यांतच पणजीचा बाजार व कळंगुटचा किनारा कोंबू पाहणाऱ्याची केवळ धावपळ होते.

कोचीस विलिंग्डन बेटावर उतरल्यावर मट्टांचेरी व फोर्ट कोची ही स्थळे जवळ पडतात. तेथे १५६८ मध्ये बांधलेले ज्यू धर्मीयांचे प्रार्थनास्थळ, चिनी पद्धतीची जाळी आणि वास्को द गामाला प्रथम जेथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च पाहता येते. परंतु ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते. म्हणून आपले जहाज कोणत्या वारी पोहोचणार, हे पाहूनच बेत ठरवावा.

लक्षद्वीपची रीत आणखी निराळी. प्रवाळ बेटांभोवतीची खाजणे उथळ असल्याने मोठे जहाज बाहेरच उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. जहाजातून बोटीत पाय टाकताना दोन्ही हात मोकळे असावेत, पिशवी पाठीवर असावी आणि खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल उचलावे. समुद्र खवळला असेल तर बेटाची भेट रद्द होते. अशा वेळी कप्तानाशी वाद घालू नये. तो निर्णय आपल्याच जिवासाठी असतो. या बेटांवर प्रवेशासाठी परवाना लागतो. तो कोण काढणार, हे तिकीट घेतानाच विचारावे. प्रवाळाचा तुकडाही उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण आहे.

परदेशी बंदरांना जावयाचे असल्यास पारपत्राची मुदत परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. तेथे घड्याळाचीही दक्षता घ्यावी लागते. मालदीवची वेळ भारतापेक्षा अर्ध्या तासाने मागे आहे. जहाज भारतीय वेळेवर चालत असेल आणि किनाऱ्यावर मोबाइलने आपोआप स्थानिक वेळ दाखविली, तर प्रवाशाला अर्धा तास हाती आहे असे वाटते आणि तिकडे शिडी उचलली गेलेली असते. यावर उपाय म्हणजे साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून तेच पाहणे.

जहाजाने स्वतः आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. मागे राहिलेल्याला पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. स्वतंत्रपणे फिरणे स्वस्त असते व त्यात गैर काही नाही. मात्र ओळखपत्र, थोडी रोकड, दिवसाचे औषध आणि बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक जवळ असलाच पाहिजे. वाहनाचे भाडे व परतीची वेळ बसण्यापूर्वी ठरवावी. दूरचे स्थळ आधी पाहावे, धक्क्याजवळचे शेवटी. म्हणजे विलंब झाला तरी प्रवासी जहाजाच्या जवळ असतो.

गटप्रमुखांची जबाबदारी

गावातून वीस-पंचवीस जणांचा गट निघतो, तेव्हा सर्वांनाच नकाशे वाचता येतात असे नाही. अशा वेळी गावातील शिक्षकाने किंवा पंचायतीच्या सदस्याने निघण्यापूर्वी एक संध्याकाळ या कामी द्यावी. शाळेच्या फळ्यावर जहाजाचा उभा छेद काढावा, कोणाची केबिन कोठे हे दाखवावे, भोंग्याचा इशारा समजावून सांगावा आणि वृद्ध प्रवाशांच्या जोड्या लावून द्याव्यात. बंदरात उतरताना व परतताना त्याच जोड्यांनी शिरगणती व्हावी. जहाजाचे नाव, केबिन क्रमांक व परतीची वेळ लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी. याला खर्च काही नाही. पण परक्या बंदरात चुकलेल्या माणसाला ती चिठ्ठीच वाट दाखविते.

आयुष्यभर काटकसर करून जमविलेल्या पैशांतून हा प्रवास घडत असतो. तो आनंदाचा व्हावा, ही प्रत्येकाची इच्छा असते. केबिन विचारपूर्वक निवडणारा आणि बंदरातून वेळेआधी परतणारा प्रवासीच डेकवर निश्चिंतपणे उभा राहून मावळत्या सूर्याकडे पाहू शकतो.