एक्क्यांची जोडी आली, आता पुढे काय?

पोळा-दिवाळीला गावाकडे तीनपत्ती कुणाला शिकवावी लागत नाही. हॉस्टेलवर मात्र आता पोकरचं नाव जास्त ऐकू येतं. दोन्हीकडे समज एकच : पान भारी आलं म्हणजे डाव आपला. हा समज कितपत खरा आहे ते आज गणिताने तपासू. विचार फक्त पहिल्या दोन पानांचा, आणि तोही टूर्नामेंटपुरता.

खेळ थोडक्यात असा. टेक्सास होल्डेम प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि चालीची पहिली फेरी होते. मग मधे तीन पानं उघडतात, तो फ्लॉप. पुढे एकेक करून आणखी दोन. सातांतली उत्तम पाच धरायची. तीनपत्तीत बूट असतो तसा इथे ब्लाइंड; तो दोघांना सक्तीने टाकावा लागतो. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, ब्लाइंड ठराविक वेळाने वाढतो, आणि चिप्स संपल्या की माणूस बाहेर.

पैशाचं आधीच सांगतो. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर पोकरच्या टूर्नामेंट झाल्या आहेत, पण कॅसिनोत २१ वर्षांखाली प्रवेश नाही. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. तेव्हा चिप्स म्हणून तुरीचे दाणे घ्या. गणित तेच राहतं.

५२ पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात. त्यांत एक्क्यांच्या फक्त ६, म्हणजे २२१ डावांत एकदा. तासाला ३० डाव धरले तर सात तासांतून एकदा! एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा हे सगळं मिळूनही ३४ च जोड्या, म्हणजे ३९ डावांत एकदा. एवढी वाट बघून आलेलं पान, म्हणून पोरं ते लपवतात. गुपचूप कॉल करतात, सगळ्यांना आत येऊ देतात. घात होतो तो इथेच.

एक्क्यांच्या जोडीसमोर कोणतीही पानं घेतलेला एकच गडी असेल आणि पाचही पानं उघडली, तर ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. समोर दोघे असले की ७३. चौघे असले की ५६. आठही जण आत आले तर जेमतेम ३५! पान तेच, फक्त गर्दी वाढली. म्हणून भारी पानावर फ्लॉपच्या आधीच रेझ करायचं, साधारण मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट. हेतू सगळ्यांना पळवायचा नाही; एक-दोघेच समोर राहावेत एवढाच.

गुलामांच्या जोडीला तर हे जास्तच लागू. फ्लॉपच्या तीन पानांत राणी, राजा किंवा एक्का यांपैकी निदान एक येण्याची शक्यता ५७ टक्के आहे (३८ पानांतून ३ निवडून ५० तून ३ ला भागा, एकातून वजा करा). चिप्स दहा ब्लाइंडच्या आत आल्या असतील तर गुलामांवर फ्लॉपची वाट बघत बसू नये, सरळ ऑल-इन व्हावं.

आता टूर्नामेंटची खरी गोम. समजा बक्षीस १०० आलूबोंडे : पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. चौघे उरलेत, चिप्स सारख्या. प्रत्येकाचा सरासरी वाटा २५. तुम्ही एकाला ऑल-इनमध्ये हरवलंत, चिप्स दुप्पट झाल्या. वाटा ५० झाला का? नाही. पहिला येण्याची शक्यता १/२, दुसरा १/३, तिसरा १/६ धरली तर २५ + १० + ३.३, म्हणजे साधारण ३८. जिंकलात तर १३ वाढले, हरलात तर २५ गेले. म्हणजे कॉल करायला निदान ६५ टक्के खात्री हवी. राण्यांची जोडी एक्का-राजासमोर जिंकते सुमारे ५७ टक्के. समोरच्याकडे एक्का-राजा आहे असं पक्कं वाटत असेल, तर सुरुवातीला आनंदाने केलेला कॉल इथे सोडून द्यावा लागतो! तीनपत्तीवाल्याला हे पटायला जड जातं. मला तरी पोकरमधला हाच भाग सगळ्यात अभ्यासण्यासारखा वाटतो.

राजांची जोडी टाकावी का, हा नेहमीचा वाद. नऊ जणांच्या टेबलवर आपल्याकडे राजे असताना कुणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी सुरुवातीला टाकू नयेत. पण २०१८ च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत दहा जण उरले असताना दोघांकडे राजे आणि निक मॅनियनकडे एक्के आले. तिघांच्याही चिप्स आत गेल्या, मॅनियन जिंकला. आणि २०१४ मध्ये, दहा लाख डॉलर प्रवेश फी असलेल्या स्पर्धेत, कॉनर ड्रिनन एक्क्यांची जोडी घेऊन एक्क्यांच्याच जोडीकडून हरला. मधे चार बदाम आले आणि समोरच्याकडे बदामाचा एक्का होता. अशी हार शंभरात दोनदा.

शंका असेल तर रूमवर करून बघा. दोन राण्या एकीकडे, वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा दुसरीकडे. उरलेले पत्ते पिसा, पाच उघडा, निकाल लिहा. असं ५० वेळा. राण्या २८-२९ वेळा जिंकाव्यात. पण प्रमाण विचलन साडेतीनच्या आसपास येतं, त्यामुळे २२ वेळाच जिंकल्या तरी पत्ते पिसणाऱ्याशी भांडू नका.