कार्बनची नळी, माणसांची फळी

पीएच.डी.ची वर्षं मी कार्बन नॅनोट्यूब ओढण्यात, पिळण्यात आणि वाकवण्यात घालवली. सगळं संगणकावर. मीटरच्या अब्जाव्या भागाएवढ्या व्यासाची ती नळी मी डोळ्यांनी कधी पाहिली नाही, तरी लग्नाच्या पंगतीतही तिच्याबद्दल अधिकारवाणीने बोलायचे. पुढे नोकरीत माणसांची टीम हाती आली. अणूंना रजा लागत नाही, अप्रेझल लागत नाही, शेजारच्या अणूला जास्त पगार मिळाल्याचं दुःख होत नाही. तरी काही गोष्टी नळ्यांनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. त्या उमगल्या मात्र माणसांत आल्यावर.

१. आकडा ऐकला की आधी छेद विचारावा. नॅनोट्यूब पोलादाच्या पाचपट ताठ असते, हे वाक्य मी कित्येक सेमिनारांत टेचात म्हटलंय. एक टेरापास्कल! पण हा आकडा काढायला बलाला क्षेत्रफळाने भागावं लागतं, आणि एकाच अणूच्या भिंतीची जाडी किती धरायची? ग्राफाइटच्या दोन थरांमधलं अंतर, ०.३४ नॅनोमीटर, धरलं की उत्तर साधारण एक टेरापास्कल येतं. बोरिस याकोब्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली नळीच्या वाकण्याशी मेळ बसावा म्हणून ०.०६६ धरली, तर साडेपाच आलं. नळी तीच, जोर तोच. ‘दरडोई उत्पादन वाढलं’ अशी स्लाइड दिसली की मला ती भिंत आठवते. डोकी कुणाची मोजली? कंत्राटी मुलं धरली का? अंश सगळेच ठळक अक्षरात दाखवतात, छेद तळटीपेत अंग चोरून बसलेला असतो.

२. सोयीसाठी आखलेली रेघ काही दिवसांनी निसर्गनियम वाटू लागते. नळीतले शेजारी अणू एकमेकांपासून १.४२ अँगस्ट्रॉमवर सुखाने नांदतात. पण त्यांचा बंध तुटला असं कधी म्हणायचं? कार्बनच्या अणूंमधली ओढ मोजणाऱ्या ब्रेनर यांच्या १९९०च्या प्रसिद्ध सूत्रात १.७ ते २ अँगस्ट्रॉमच्या टप्प्यात बंध शून्यावर आणतात, गणित आटोपशीर राहावं म्हणून. परिणाम असा की तुटायच्या बेतात आलेली नळी ऐन वेळी एकदम चिवट होते. तो चिवटपणा कार्बनचा नसतो, सूत्राचा असतो. या क्षेत्रातली मंडळी ते ओळखून असतात आणि रेघ पुढे सरकवतात. ऑफिसात मात्र ३१ मार्चच्या आठवड्यात विक्रीच्या आलेखाला जो जोर चढतो, त्याचं आपण पेढे वाटून स्वागत करतो. एप्रिलमध्ये तो कुठे गेला, हे कुणी विचारत नाही.

३. संथ माणूस संस्थेचा शत्रू नसतो. सिम्युलेशनमधलं एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचं. एक नॅनोसेकंद पुढे सरकायला अशी दहा लाख पावलं लागतात. म्हणून नळी ओढायची ती प्रयोगशाळेपेक्षा अब्जावधी पटींनी झपाट्याने, नाहीतर प्रबंध पुढच्या पिढीने पुरा करायचा. इतक्या घाईत अणूंना उसंतच मिळत नाही. वेळ आणि ऊब मिळाली, तर एखादा बंध नव्वद अंशांत वळतो, चार षट्कोनांचे दोन पंचकोन आणि दोन सप्तकोन होतात आणि ताण सैलावतो. घाईत ही वाट सापडायच्या आतच नळी तुटते.
घाईचा हाच तोटा माणसांच्या संस्थेतही दिसतो. सुमिओ इजिमा यांचा नॅनोट्यूबवरचा गाजलेला लेख १९९१चा. त्याच वर्षी अमेरिकेत जेम्स मार्च यांनी एका संस्थेचं सिम्युलेशन प्रसिद्ध केलं. त्यात माणसं संस्थेकडून रीतभात शिकतात आणि संस्था शहाण्या माणसांकडून शिकते. नवे लोक रीतभात फार पटकन शिकले, तर सगळे एकसारखे होतात आणि संस्थेला शिकण्यासारखं काही उरतच नाही. म्हणजे ‘आमच्याकडे असंच करतात’ हे ज्याच्या लवकर पचनी पडत नाही, तो आपल्या नकळत संस्थेचं भलं करत असतो. हे वाचल्यावर इंडक्शन झटपट उरकण्याचा माझा अभिमान जरा ओसरला.

४. ताकद नळीत असते, पण दोरखंड पकडीवर टिकतो. २००० साली अनेक थरांच्या नॅनोट्यूब खरोखरीच ओढून पाहिल्या गेल्या. तुटला तो फक्त बाहेरचा थर. आतले थर म्यानातून तलवार निघावी तसे सरकत बाहेर आले. नळ्यांच्या जुडग्याचंही तेच. नळ्यांना जोडणारी ओढ इतकी दुबळी असते, की त्या एकमेकींवरून घसरतात. हुशार माणसांच्या टीममध्ये मी हेच पाहिलंय. प्रत्येक जण एकटा लाखमोलाचा, आणि काम एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर जाताना निसटतं. नळ्यांच्या बाबतीत यावर उपाय सापडला. इलेक्ट्रॉनांचा मारा केला की शेजारच्या नळ्यांमध्ये बंधांचे पूल तयार होतात, जुडगं कितीतरी ताठ होतं. २००४ साली हे प्रयोगात दिसलं. मात्र पूल बांधायचा तर दोन्ही भिंती थोड्या बिघडाव्या लागतात, आणि मारा जास्त झाला तर नळीच कामातून जाते. मीटिंगांचं प्रमाण ठरवताना मला याहून चांगला सल्ला मिळालेला नाही.

५. संस्थेचा रन पुन्हा लावता येत नाही. नळीच्या बाबतीत मी तीच नळी, तेच तापमान घेऊन शंभर वेळा सुरुवात करू शकत होते. ऑफिसात नवी पद्धत आणली आणि विक्री वाढली, तर श्रेय पद्धतीचं की पावसाचं, कोण सांगणार? म्हणून तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांवरचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८पासून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही कारखाने निवडून त्यांना व्यवस्थापनाचा फुकट सल्ला पुरवला, बाकीचे तुलनेसाठी ठेवले. सल्ला काय होता? कापडातले दोष रोज नोंदवा, यंत्रांची वेळेवर निगा राखा, सुताचा साठा लिहून ठेवा. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. यात जादू काही नाही, वहीत नोंद आहे. माझ्यासारख्या सूत्रवाल्या बाईला ते पचायला जड गेलं. आणखी एक गोष्ट तिथे दिसली. कंपनी किती मोठी होणार, हे बरंचसं मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर ठरत होतं. कारण कारभार सोपवायचा तो घरच्याच माणसावर. म्हणजे इथेही प्रश्न पकडीचाच.

६. सुधारणा आपोआप टिकत नाही. २०१७ साली संशोधक त्याच कारखान्यांत परतले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. तरीही सल्ला न मिळालेल्यांपेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते. पद्धती का सुटल्या, याची दोन कारणं वारंवार पुढे आली : मॅनेजर बदलला आणि मालकांना वेळ मिळेना. निम्मं टिकलं याचा आनंद मानायचा की निम्मं गेलं याची खंत करायची, हे मी त्या दिवशीच्या मूडवर सोडते.

७. माणसांना आपलं मॉडेल वाचता येतं. कार्बनच्या अणूने माझा प्रबंध वाचून वागणं बदललं नाही. टीमला मात्र मी मार्च यांचं सिम्युलेशन मोठ्या हौसेने समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून रिपोर्ट रखडवणारा प्रत्येक जण स्वतःला ‘संस्थेच्या हिताचा संथ माणूस’ म्हणवतो. तेव्हा मॉडेल जरूर करा, आलेखही काढा, पण निर्णयाआधी ज्यांच्यावर ते बेतलंय त्यांना एकदा विचारा. अणूंना विचारायची सोय नव्हती. माणसांना आहे, आणि तिला खर्चही फारसा येत नाही.